पाच इंच जास्तीचा पलंग

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. (कुणाची, ते माहीत नाही. ही वही कुणी वाचणार नाही. पण माफी मागून ठेवलेली बरी.) शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर आयुष्यात जे काही लिहिलं ते छाती, कंबर, उंची आणि बाही! आमचे हे टेलर आहेत. मंगळवार पेठेत खाली दुकान, दुकानामागं स्वयंपाकघर आणि वर एक माडी. हे गळ्यात टेप घालून गिऱ्हाइकाचं माप घेतात आणि मोठ्यानं आकडा सांगतात. मी पडद्यामागं काजं-बटणं करत बसलेली असते, तो आकडा वहीत लिहून घेते. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकांशी तीस वाक्यंसुद्धा बोलले नसेन. पण अर्ध्या पेठेच्या पोटाचा घेर मला पाठ आहे.

तर आमच्या माडीत जिन्याच्या कठड्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सहा फूट दोन इंच जागा आहे. एवढं मात्र बिनचूक लिहिलंय. आता ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आणि ते कसं माहीत झालं तेच सांगायचं आहे.

आमची एकुलती एक लेक अश्विनी, म्हणजे अशू, गडहिंग्लजला दिली आहे. जावयांचं तिथं हार्डवेअरचं दुकान आहे. गडहिंग्लज काही लंकेत नाही, एसटीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. पण अशू यायची ती बारा वाजता आणि जायची पाचच्या गाडीनं. मुक्काम नाही! पाच तासांतला एक तास जेवणात जायचा, एक भांड्यांत, एक ओवीला झोपवण्यात. (ओवी माझी नात. पाच वर्षांची. तिकडं शेजारपाजारी कानडी बोलतात, म्हणून मला आजी न म्हणता अज्जी म्हणते.) अर्धा तास समोरच्या मगदूमकाकूंना भेटण्यात. राहिला दीड तास. त्यात अशू फोनवर बोलायची आणि मी तिच्याकडं बघत बसायची. ती गेली की तिनं चहा प्यालेला कप मी लगेच विसळत नाही. हे यांना माहीत नाही. यांना वाटतं मी आळशी आहे.

ती मुक्काम का करत नाही, त्याचं कारण मला ठाऊक होतं. ओवी तान्ही असताना एकदा राहिली होती. शिलाई मशीन आणि मांडणी यांच्यामधल्या जागेत तिघी झोपलो. पहाटे ओवीचं डोकं मशीनच्या पायट्याला आपटलं आणि टेंगूळ आलं. अशू सहज म्हणाली, "आई, इथं पाय पसरायला बी जागा न्हाय बघ." ती बोलली आणि विसरली. मी काही विसरले नाही. माझ्या डोक्यातलं टेंगूळ चार वर्षं उतरलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी धीर केला आणि यांना म्हटलं, "आवं, माडी रिकामी करूया. एक पलंग करून घेऊया. नागपंचमीला अशू ऱ्हाईल."

हे काज बघत बघत म्हणाले, "माडीत कापडं हायत की."

"कापडं म्हणजे लोकांनी न नेलेली. ती सफारी सात वर्षं झाली लोंबकळतीय."

"तो माणूस येणार हाय. त्यानं मला शब्द दिलाय."

"तो माणूस बारीक झालाय आवं! परवा देवळात बघितला. आता त्या सफारीत दोघं मावतील!"

एवढं लांब वाक्य मी बोलले म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे यांना कळलं. माडी रिकामी करायचं ठरलं. अशूला फोन केला तर ती म्हणाली, "खरंच पलंग करताय? मग पंचमीला दोन मुक्काम करते की." दोन! मी फोन ठेवला आणि त्या भरात एका शर्टाला सात काजं पाडली. बटणं सहाच होती.

आता माप घ्यायचं. यांचा टेप साठ इंचाचा, म्हणजे पाच फूट. माणसाला पुरतो, माडीला पुरत नाही. शिवाय यांचे गुडघे दुखतात. हे टेपाचं एक टोक धरून खाली बसले की मी दुसरं टोक सोडून यांना उठवायला जायची. मग पहिल्यापासून! तीन वेळा मोजलं आणि तीन वेगळी मापं आली. हे अशूनं जावयांना सांगितलं असणार, कारण पुढच्या खेपेला ती पिशवीतून एक डबीएवढं यंत्र घेऊन आली. लेझरचं मोजायचं यंत्र.

"आण्णा, हे भिंतीला टेकवायचं आणि बटण दाबायचं. समोर लाल ठिपका पडतोय बघा. ठिपक्यापर्यंत किती लांबी, ती हितं आकड्यात येती. टेप नको, काय नको." अशूनं दाखवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, चोवीसशेचं हाय गं. दुकानात विकायला ठेवलेलं हाय. जपून वापरा, पंचमीला परत नेते."

जावयाच्या दुकानातली वस्तू! मी ती देवाच्या फळीवर ठेवली. हे मात्र तिच्याकडं सवतीसारखं बघत होते. चाळीस वर्षं गळ्यात टेप असलेला माणूस! दोन दिवस हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी दुपारी आडवी झाले होते, डोळे उघडले तर माझ्या पायाच्या अंगठ्यावर लाल ठिपका.

"हलू नगंस," हे म्हणाले. "उंबऱ्यापासनं तुझ्या अंगठ्यापर्यंत सात फूट एक इंच."

झालं! त्या दिवसापासून हे सुटले. दुकान ते नळ किती, नळ ते चौकातला पिंपळ किती, सगळं मोजून झालं. एका गिऱ्हाइकाची कंबरसुद्धा मोजायला निघाले. त्या बिचाऱ्याला भिंतीशी उभं केलं, पोटावर ठिपका मारला, पुढून मोजलं, बाजूनं मोजलं, मग त्याला गोल फिरवलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "हे यंत्र सरळ जातंय. माणूस गोल असतोय. हितं टेपच पायजे." आणि टेपाला असं कुरवाळलं, की जणू भांडून माहेरी गेलेली बायको परत आली!

माडी मोजताना तर कहरच. हे वर गेले आणि वरून ओरडले, "एकतीस फूट!"

मी खालून म्हटलं, "काय?"

"आपली माडी एकतीस फूट लांब हाय! बापजन्मात ठाऊक नव्हतं!"

तेवढ्यात समोरून मगदूमकाकूंचा आवाज आला. काकूंचं आणि आमचं घर समोरासमोर, मध्ये बैलगाडीएवढी गल्ली. गल्लीत यांना सगळे बापू म्हणतात. "आवो बापू, माझ्या पापडाच्या डब्यावर लाल ठिपका कसला पाडलाय वो?"

खिडकी उघडी राहिली होती. यांनी आमच्या माडीसकट काकूंचं स्वयंपाकघर मोजलं होतं. "फळीसकट मोजलं काकू!" हे खिडकीतून म्हणाले. "तुमची फळी वाकडी हाय!" काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मग फळी खरंच वाकडी निघाली, म्हणून आणखी दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी खिडकी लावून, कठड्यापासून भिंतीपर्यंत खरं माप घेतलं. नेहमीसारखंच. हे वर, मी खाली वही घेऊन. "लिही! सहा फूट चार इंच!" मी लिहिलं, सहा फूट चार.

आणि इथं माझ्या हातून ते घडलं.

आमच्या धंद्यात कपडा कधी नेमका मापाला कापत नाहीत. आत शिवणीत दोन इंच माया ठेवतात. माणूस सुटला, पोर वाढली, तर उसवून मोठं करता येतं. वहीत नुसतं माप लिहायचं, माया कापताना हे ठेवतात. पण पलंग काय हे कापणार नव्हते! कापणार होते दत्तूमिस्त्री, मलकापूरकडचे सुतार. त्यांना मायेचं काय ठाऊक? मी वहीकडं बघत बसले. ओवी वाढती पोर. अशू पहिल्यापासून उंच. कधी काळी जावई मुक्कामाला आले तर ते दारातून वाकून येणारे. मी इकडं तिकडं बघितलं आणि चारच्या जागी सहा केलं. सहा फूट सहा इंच. कुणाला सांगितलं नाही. विचारलं नाही तर मी सांगत नाही, आणि मला कुणी काही विचारत नाही.

लाकूड उसवता येत नाही, हे मला सुचलं नाही. खरं म्हणजे त्या जागेत पलंगाला वाढून जायला भिंतीशिवाय काही नव्हतं, हेही सुचलं नाही. भिंत काय, शिवण थोडीच आहे! पण मला तेव्हा भिंत दिसतच नव्हती. मला पलंगावर हातपाय पसरून झोपलेल्या दोघी दिसत होत्या.

चिठ्ठी लिहून मिस्त्रींना दिली.

पंचमीच्या आदल्या दिवशी बारा वाजता अशू आली. हातात नेहमीची पर्स नव्हती, मोठी बॅग होती! बॅग बघून मी अशी हरखले की तिला "ये" म्हणायचं सोडून "बॅग जड हाय का गं?" एवढंच म्हटलं. ओवीनं दारातच हाताची मेंदी दाखवली. मिस्त्री सकाळपासून वर पलंग जोडत होते. ठकठक चालली होती. अशू आणि ओवी वर बघायला गेल्या. हे आधीच वर होते. मी खाली पुरणाची डाळ शिजत घातली होती, म्हणून थांबले.

थोड्या वेळानं ठकठक थांबली. मग मिस्त्रींचा आवाज, "बापू, धरा त्या बाजूनं. सरकवा." मग खरखर. मग "आणि थोडं." मग "बसंना की वो." मग "तिरपा करा, तिरपा." मग एकदम धाड! आणि माझ्या डोक्यावर जिन्यात चुना पडला.

मी जिन्याशी पळत गेले आणि वर बघितलं. पलंगाचं एक टोक भिंतीत रुतलं होतं आणि दुसरं कठड्यावरून जिन्याच्या तोंडावर आलं होतं. पलंगाचे दोन पाय जिन्यात लोंबत होते. पुढंही जाईना, मागंही येईना. वर चौघं, खाली मी, आणि मध्ये पलंग!

मग सगळे एकदम बोलले.

"माप चुकलंय!" मिस्त्री.

"माझं माप चाळीस वर्षांत चुकल्यालं न्हाय!" हे.

"माझी करवत बी चुकल्याली न्हाय! पलंग चिठ्ठीबरहुकूम हाय!"

"मग ह्या यंत्रानंच घात केला!" यांचा आवाज खालपर्यंत घुमला. "टेप तो टेप! ही लाल बत्ती काय कामाची? खोटं बोलतंय हे!"

"व्हय बापू, मला बी पहिल्यापासनं संशय हुता," मिस्त्री लगेच म्हणाले. दोघांची अशी एकी मी कधी बघितली नव्हती.

अशू म्हणाली, "आण्णा, यंत्र कसं खोटं बोलंल? किती लोकांनी नेलंय, एक परत आलं न्हाय आजवर."

आणि मग यांच्या तोंडून ते वाक्य गेलं. "कुठं न खपल्यालं यंत्र जावयानं आमच्या गळ्यात बांधलं, दुसरं काय!"

मी खालून यांना गप्प बसायची खूण करत होते, पण मध्ये पलंग. यांना माझे फक्त हात दिसत असणार. यांना वाटलं मी टाळ्या वाजवतेय.

अशूचा आवाज आला. बारीक. "ओवी, चप्पल घाल. आपण पाचच्या गाडीनं जायाचं."

"अगं अशू..."

"न्हाय आण्णा. ह्यांनी एवढ्या आपुलकीनं दिलं. मीच शानी, घेऊन आले." आणि ती जिन्याशी आली. पण उतरणार कशी? पलंगाच्या दोन पायांच्या मधून तिचं तोंड मला दिसलं. डोळे भरलेले. चार वर्षांनी मुक्कामाला आलेली लेक, आणि मी तिला पलंगाखालून बघतेय!

खरं सांगते. (ही वही कुणी वाचणार नाही म्हणून.) एक क्षण माझ्या मनात आलं, अडकलीच आहे तर राहू दे की अडकून! मिस्त्री काही पलंग लगेच सोडवत नाहीत. पाचची गाडी जाईल. मग ती राहीलच. वर पुरणपोळी पाठवता येईल, दोरीनं. एवढा विचार मी केला. दोरी कुठं आहे, तेसुद्धा आठवलं!

पण ते तोंड. ओवीला टेंगूळ आलं होतं तेव्हाही अशूचं तोंड असंच झालं होतं. असली कोंडून ठेवलेली लेक घेऊन मी काय करू?

मी म्हटलं, "दोन इंच मी वाढवलं."

माझा आवाज पडद्यापलीकडं कधी गेलेला नाही. पलंगापलीकडं कसा जाणार?

"काय म्हणतीस?" हे.

"दोन इंच मी वाढवलं."

"ऐकू येत न्हाय! पुरण करपलं काय?"

"आवं, दोन इंच मी वाढवलं! यंत्र खरं हाय! चिठ्ठीत मी चाराचं सहा केलं! ओवी वाढंल म्हणून मी माया ठेवली!"

हे मी ओरडले. मी! मंगळवार पेठेत एवढ्या मोठ्यानं मी आजवर कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती. समोरच्या खिडकीतून मगदूमकाकू म्हणाल्या, "कळलं गं वहिनी, समद्यांना कळलं!" आणि त्यांच्या शेजारची खिडकीही उघडली. मी पदर तोंडाला लावून पायरीवर बसले. मला वाटलं आता वरून पलंग माझ्या अंगावर पडला तर बरं.

मग यांचं खाकरणं ऐकू आलं.

"दोन मी बी घातलतं," हे म्हणाले.

"काय?" अशू.

"यंत्रात सहा-दोन आलतं. म्या तुझ्या आईला सहा-चार सांगितलं. सुताराला मायेचं काय कळतंय, म्हटलं, आपणच ठेवावी. पोर वाढती हाय."

आता अशू मिस्त्रींकडं वळली असणार, कारण ते आपणहून म्हणाले, "एक माझं बी हाय. रंधा मारला की लाकूड कमी भरतंय. शिवाय टेलर माणसाचं माप, म्हटलं असू दे एक इंच जास्त."

दोन, दोन आणि एक. ज्याच्या मनात चोर त्याचा आवाज मोठा, तो हा असा! मघापासून तिघं यंत्राच्या नावानं ओरडत होतो. (मी मनात ओरडत होते.) सगळ्या घरात खरं बोलणारं ते एकटं होतं.

आधी मला वाटलं अशू रडतेय. पलंग गदगदा हलत होता. मग कळलं, ती पलंगावर बसून हसत होती. "आण्णा! पाच इंच! पोरगी वाढंल म्हणून पाच इंच! आणि ती झोपणार कुठं, जिन्यात लोंबकळत?" ओवीला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली. मग मिस्त्री. मग हे. मी खाली पायरीवर एकटी हसत होते, आणि खरंच पुरण करपलं.

पण आमची सगळी वाट लागायची अजून बाकी होती. यांचं मन हलकं झालं, म्हणून यांनी हातातलं यंत्र मोठ्या प्रेमानं पलंगावर ठेवलं. पलंग होता तिरपा! यंत्र घसरलं, कठड्यावर आपटलं आणि एकेक पायरी मोजत खाली आलं. बारा पायऱ्या. माझ्या पायाशी येऊन थांबलं. काच फुटली होती. माझ्या अंगठ्यावर एकदा लाल ठिपका पडला आणि विझला.

मिस्त्रींनी दिवेलागणीच्या आत पलंग कापून बसवला. आता नेमका बसला, सुईसुद्धा जाणार नाही. कापलेल्या तुकड्यांचा टेकू देऊन त्यांनी मगदूमकाकूंची वाकडी फळी सरळ करून दिली, त्यामुळं काकूंचा उरलासुरला रागही गेला. आणि अशू राहिली! एक नाही, दोन मुक्काम. पंचमीच्या सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर दोघी झोपलेल्या. अशूचा एक पाय ओवीच्या अंगावर, ओवीचा एक हात अशूच्या तोंडावर. मी त्यांना उठवलं नाही. चहा गार होईपर्यंत वरच्या पायरीवर बसून राहिले. मग खाली येऊन दुसरा केला.

तिसऱ्या दिवशी निघताना मी म्हटलं, "अशू, त्या यंत्राचे चोवीसशे आम्ही देणार."

"काय नको आई. ह्यांना मी सांगते पडलं म्हणून."

"लेकीच्या घरचं फुकट घेत न्हाईत. मी माझ्या काजा-बटणांच्या पैशातनं देणार. पण एकदम न्हाय जमायचं. म्हैन्याला दोनशे."

"बरं, फोनवरनं पाठव मग."

आणि मी, जिला खोटं बोलताना घाम फुटतो, ती काय म्हणाले? "मला फोनवरनं पैसे पाठवायला जमत न्हाय बाई. तू येऊन घेऊन जा."

(भाजीवाल्याला मी वर्षभर फोनवरूनच देते. त्याच्याकडं सुटे नसतात.)

म्हणजे महिन्याला एक खेप पक्की झाली. पण नुसती खेप घेऊन काय करायचं? पहिल्या हप्त्याला अशू बारा वाजता आली. मी जेवण वाढलं, वामकुक्षी करायला लावली, मग चहा, मग थालीपीठ, आणि पैशाचं नाव काढलं ते दिवा लावल्यावर. "आता दिवेलागण झाली की गं! आता लक्ष्मी घराबाहेर देत न्हाईत. सकाळी मोजून देते." दुसऱ्या खेपेला बुधवार सापडला. जाशील बुधी तर येशील कधी! लेकीला बुधवारी पाठवतात का कुठं? एकदा अमावस्या होती. एकदा काहीच नव्हतं, तर मी पैशाची डबी हरवली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या डब्यात सापडली. हे म्हणाले, "मीच पिठात शोधायचं सुचवणार हुतो." हे सगळं ओळखून होते, पण यांनाही ओवीला शेजारी बसवून बटणं ओवायला लावायची असायची, म्हणून गप्प.

असे अकरा हप्ते, अकरा मुक्काम.

या पंचमीला बारावा. अशू आली, राहिली, आणि सकाळी निघताना मी डबी उघडून दोनशे रुपये तिच्या हातावर ठेवले. पन्नासाच्या चार नोटा. दहा-दहाच्या ठेवल्या असत्या तर मोजायला जास्त वेळ लागला असता, हे नंतर सुचलं.

"फिटलं बघ आई," ती म्हणाली.

"व्याज?" मी विचारलं.

"कसलं व्याज?"

"वर्षभर पैसे वापरले. व्याज लागतंय की. सावकार व्याज सोडतोय व्हय? लाव की थोडं! म्हैन्याला पन्नास लाव!"

अशूनं बॅग खाली ठेवली. "आई, तू भाजीवाल्याला फोनवरनं पैसे देतीस, हे मगदूमकाकूंनी मला कधी सांगितलं, ठाऊक हाय?"

माझं तोंड एवढंसं झालं. "कधी?"

"दुसऱ्या हप्त्याला."

ती एवढंच म्हणाली. मी मनात मोजलं. दोनानंतर दहा. दहा वेळा ती माझी अमावस्या, माझा बुधवार आणि माझी पिठातली डबी सगळं ओळखून, गुपचूप बॅग खाली ठेवून राहिली होती. एसटीनं अडीच तास, पोरीला घेऊन. आणि मला वाटत होतं, मी काय हुशार!

मला काहीतरी बोलायचं होतं. पण माझं ते नेहमीचंच. "डब्यात लाडू घातल्यात," एवढंच निघालं. ती गेली. गल्लीच्या वळणापर्यंत ओवी मागं बघून हात हलवत होती.

मग मी आत आले आणि वहीत लिहिलं, चोवीसशे रुपये पूर्ण फिटले. त्याखाली रेघ मारली आणि पदरानं डोळे पुसले. हे दारातून बघत होते. मग टेप गळ्यात घालून मशीनवर जाऊन बसले. पण मगदूमकाकूंनी खिडकीतून विचारलं, "का गं वहिनी, रडतीस का?" मी म्हटलं, "काय न्हाय वो काकू, देणं फिटलं."

देणं फिटलं म्हणून रडणारी बाई अख्ख्या मंगळवार पेठेत मी एकटीच असेन!